राखेतील सांत्वनकार : नागासाकीचे डॉ. ताकाशी पॉल नागाई

नोव्हेंबर महिना हा ख्रिस्तसभेत मृत भाविकांच्या स्मरणाचा महिना आहे. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो, आपल्या माणसांची थडगी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि प्रार्थना करतो. याच महिन्यात, २३ नोव्हेंबर १९४५ रोजी, जपानमधील नागासाकी शहराच्या उराकामी या भागात मृतांसाठी पवित्र मिस्सा अर्पण करण्यात आली. त्या दिवशी चर्चला छप्पर नव्हते, भिंतींचे केवळ अवशेष उरले होते. मिस्सा उघड्यावर झाली. जमलेल्या प्रत्येकाच्या घरचे कोणी ना कोणी दगावले होते आणि अनेकांना आपल्या माणसाचे थडगे बांधण्यापुरत्या अस्थीही सापडल्या नव्हत्या.

त्या मिस्साप्रसंगी प्रापंचिकांच्या वतीने डॉ. ताकाशी नागाई यांनी श्रद्धांजलीचे भाषण केले. त्यांची पत्नी मृतांपैकीच एक होती. ते स्वतः रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. शिक्षणाने ते क्ष-किरणतज्ज्ञ होते, मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. तरीही उद्ध्वस्त झालेल्या एका संपूर्ण धर्मग्रामाचे सांत्वन करण्याचे काम त्यांच्याकडे आले. दुःखात बुडालेला माणूस दुसऱ्या दुःखिताचे अश्रू कसे पुसतो, आणि असे करताना त्याचे शब्द कोठे उपयोगी पडतात व कोठे अपुरे ठरतात, हे समजून घेण्यासाठी आम्ही त्यांची कहाणी वाचकांसमोर ठेवीत आहोत.

नागासाकीशी आपले नाते

नागासाकी हे नाव वसईच्या भाविकांना परके नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर हौतात्म्य प्राप्त झाले. त्या दिवशीच्या २६ हुतात्म्यांमध्ये जपानी येशूसंघीय संत पॉल मिकी हेही होते. पुढे छळ इतका वाढला की जपानमध्ये एकही धर्मगुरू उरला नाही. उराकामीच्या शेतकरी कुटुंबांनी दोनशेहून अधिक वर्षे गुप्तपणे, केवळ घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी शिकवणीवर आपली श्रद्धा जपली. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन त्यांनी फ्रेंच धर्मगुरूंना आपली ओळख दिली. तेव्हाही धर्मबंदी उठलेली नव्हती. उराकामीच्या ३,००० हून अधिक भाविकांना हद्दपार करण्यात आले आणि १८७३ नंतरच ते घरी परतू शकले. परतलेल्या या गरीब लोकांनी पै पै जमवून निष्कलंक मरियेच्या नावे भव्य चर्च उभारले. ते १९१४ साली पूर्ण झाले आणि १९२५ साली त्याचे दोन मनोरे उभे राहिले.

ताकाशी नागाई यांचा जन्म १९०८ सालचा. नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना विज्ञानापलीकडे काही आहे असे ते मानीत नव्हते. १९३० साली आईच्या मृत्युशय्येजवळ असताना तिच्या अखेरच्या नजरेने त्यांना हलवून सोडले. माणसाला आत्मा असतो, तो देहाबरोबर संपत नाही, असे त्यांना त्या क्षणी जाणवले. फ्रेंच विचारवंत पास्कल यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि ते उराकामीतील मोरियामा या कॅथलिक कुटुंबात राहू लागले. या कुटुंबाचे पूर्वज गुप्त ख्रिस्ती समाजाचे प्रमुख होते. १९३४ साली नागाई यांनी स्नानसंस्कार स्वीकारला आणि संत पॉल मिकी यांच्या स्मरणार्थ पॉल हे नाव धारण केले. त्याच वर्षी मोरियामा कुटुंबाची कन्या मिदोरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. अशा रीतीने आपल्या संत गोन्सालोंच्या सोबत्याचे नाव त्या डॉक्टरांनी आयुष्यभर वाहिले.

९ ऑगस्ट १९४५

युद्धकाळात क्ष-किरणांच्या फिल्मचा तुटवडा होता. क्षयरोग्यांची तपासणी थांबू नये म्हणून डॉ. नागाई फिल्मशिवाय, थेट किरणांसमोर उभे राहून रुग्ण तपासत असत. त्याचा परिणाम म्हणून जून १९४५ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. जेमतेम तीन वर्षांचे आयुष्य उरले आहे, असे त्यांना सांगण्यात आले. मिदोरीने ते ऐकून घेतले आणि सारे परमेश्वराच्या हाती सोपविले. मुलांना आपल्या माघारी तिचा आधार राहील, अशी त्यांची समजूत होती.

९ ऑगस्ट रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँबचा स्फोट झाला. मूळ लक्ष्य कोकुरा हे शहर होते, परंतु तेथे लक्ष्य दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळले. स्फोट झाला तो उराकामीवर. चर्च स्फोटकेंद्रापासून सुमारे ५०० मीटरवर होते. आत पापनिवेदन चालू होते. तेथील धर्मगुरू आणि भाविक जागीच मरण पावले. धर्मग्रामातील सुमारे १२,००० भाविकांपैकी सुमारे ८,५०० जण दगावले. संपूर्ण शहरात त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसे मृत्युमुखी पडली.

डॉ. नागाई स्फोटकेंद्रापासून सुमारे ७०० मीटरवर रुग्णालयात होते. त्यांच्या कानशिलाची रक्तवाहिनी तुटली होती. डोक्याला पट्टी बांधून ते सहकाऱ्यांसह जखमींना बाहेर काढत राहिले. दोन दिवसांनी ते घरी पोहोचले. राखेत त्यांना मिदोरीच्या जळालेल्या अस्थी आणि जवळच तिची जपमाळ सापडली. त्या अस्थी त्यांनी एका बादलीत गोळा केल्या. मुलगा आणि धाकटी मुलगी आजीसोबत गावाबाहेर डोंगराकडे पाठविलेली असल्याने वाचली होती. त्यानंतर ते पुन्हा जखमींकडे गेले आणि पुढे सुमारे दोन महिने मित्सुयामा येथील मदतकेंद्रात, स्वतः मरणाच्या दारी पोहोचूनही, रुग्णसेवा करीत राहिले.

“ही देवाने केलेली शिक्षा आहे का?”

बाँबमधून वाचलेल्यांना देहाच्या जखमांइतकाच एक प्रश्न जाळत होता. बाँब जुन्या शहरावर न पडता ख्रिस्ती वस्तीवर पडला. परक्या धर्माच्या लोकांना देवांनी शासन केले, असे काही शहरवासी उघडपणे म्हणू लागले. ख्रिस्ती लोकांमध्येही कुजबुज होती की, मेले ते पापी असणार आणि वाचले त्यांच्यावर देवाची कृपा असणार.

युद्धावरून परतलेला एक सैनिक अशाच वेळी डॉ. नागाईंकडे आला. ज्यांच्या ओढीने तो परतला, ती पत्नी आणि पाच मुले राख झाली होती. भेटेल तो त्याला दैवी शिक्षेची गोष्ट सांगत होता. माझी पत्नी आणि लेकरे काय दुष्ट होती, असा त्याचा सवाल होता. डॉ. नागाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. २३ नोव्हेंबरच्या मिस्सासाठी लिहून ठेवलेले आपले भाषण त्यांनी त्याच्या हाती दिले. डोळ्यांतून पाणी गाळीत त्याने ते वाचले आणि त्याच्या मनावरचे ओझे उतरले. आपली माणसे नरकात गेलेली नाहीत, एवढे त्याला उमगले. हा प्रसंग डॉ. नागाईंनी पुढे ‘नागासाकीच्या घंटा’ या आपल्या पुस्तकात नोंदविला.

त्या भाषणाचा आशय असा होता की, उराकामी ही शिक्षा झालेली वस्ती नसून अर्पण झालेली वस्ती आहे. जुन्या करारात निर्दोष कोकराचे होमार्पण होत असे. त्याप्रमाणे शतकानुशतके श्रद्धेसाठी छळ सोसलेला हा समाज महायुद्धाच्या पापासाठी वेदीवर वाहिला गेला. स्वर्गारोहणाच्या सणाला, १५ ऑगस्टला, युद्ध थांबले याकडेही त्यांनी लक्ष वेधले. ज्यांना लोक शापित म्हणत होते, त्यांना त्यांनी पवित्र म्हटले. त्या मैदानावर उभ्या असलेल्या विधवांना, विधुरांना आणि अनाथांना हे शब्द म्हणजे जीवनदान होते.

शब्दांची मर्यादा

येथे आम्हांला प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पुढील काळात जपानमधील अनेक विचारवंतांनी, त्यांत तत्त्वचिंतक शिन्जी ताकाहाशी हे प्रमुख, डॉ. नागाईंच्या या विचारावर टीका केली. बाँब म्हणजे देवाची योजना असे म्हटले, तर तो टाकणारे आणि युद्ध लांबविणारे या दोघांची जबाबदारी पुसली जाते. शिवाय पीडितांचा राग आणि न्यायाची मागणी गप्प केली जाते, असा त्यांचा आक्षेप आहे. हा आक्षेप वजनदार आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ फेब्रुवारी १९८१ रोजी हिरोशिमा येथे युद्ध हे माणसाचेच कृत्य असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. तोवर मौन पाळणाऱ्या उराकामीच्या काही वृद्ध भाविकांना त्या शब्दांनी बोलण्याचे बळ दिले. पोप फ्रान्सिस यांनीही २४ नोव्हेंबर २०१९ रोजी नागासाकी आणि हिरोशिमाला भेट देऊन अण्वस्त्रांचा केवळ वापरच नव्हे, तर ती बाळगणेही अनैतिक असल्याचे प्रतिपादन केले.

मग डॉ. नागाई चुकले का? आमच्या मते, त्यांचे शब्द इतिहासाचे स्पष्टीकरण म्हणून वाचले तर अपुरे पडतात. दुःखिताने दुःखितांना दिलेले उत्तर म्हणून वाचले तर त्यांचे मोल कळते. ते भाषण करणाऱ्याने आपली पत्नी स्वतःच्या हातांनी राखेतून वेचली होती. तेच शब्द सुरक्षित घरात बसलेल्या एखाद्याने उच्चारले असते, तर ते क्रूर ठरले असते.

स्वतः डॉ. नागाईही त्या भाषणापाशी थांबले नाहीत. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कथनांचे ‘आम्ही नागासाकीचे’ या आशयाच्या नावाने संकलन केले. त्यात त्यांनी एक कटू सत्य लिहून ठेवले. त्या दिवशी अनेक जण वाचले, ते इतरांच्या हाका कानांआड करून पळाले म्हणून. घरे पुन्हा बांधता येतात, परंतु ही आतली जखम भरून येत नाही, शेजारी शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९६२ साली हिरोशिमातील पीडितांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांनाही हीच अपराधीपणाची भावना खोलवर आढळली. सांत्वनाचे सुंदर भाषण करणाऱ्यानेच त्या भाषणाने न भरलेली जखम उघडी करून दाखविली, यात त्यांचा मोठेपणा आहे.

दोन चटयांची झोपडी

डॉ. नागाईंचे खरे सांत्वन शब्दांपेक्षा सहवासात होते. उराकामीत ७५ वर्षे काहीही जगणार नाही, अशी अफवा पसरली होती. त्यांनी जमीन तपासली. त्यांना तीन आठवड्यांत मुंग्या आणि महिनाभरात गांडुळे दिसली. मग भंगारातील पत्रे जोडून ते स्वतः तेथे राहावयास गेले. लोक हळूहळू परतू लागले. त्या वर्षीच्या नाताळात, ढिगाऱ्याखालून काढलेली चर्चची घंटा पुन्हा वाजली.

१९४८ साली उराकामीच्या लोकांनी त्यांच्यासाठी जेमतेम दोन चटया मावतील एवढी झोपडी बांधून दिली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या प्रभूच्या आज्ञेवरून त्यांनी तिला ‘न्योकोदो’ असे नाव दिले. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत, दोन मुलांसोबत राहून, त्यांनी तेथे एकामागून एक पुस्तके लिहिली. ‘नागासाकीच्या घंटा’ हे पुस्तक अमेरिकन ताब्यातील सरकारच्या परवानगीअभावी १९४९ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाही. मिळालेल्या पैशांतून त्यांनी उजाड उराकामीत चेरीची १,००० झाडे लावविली आणि मुलांसाठी वाचनालय उघडले. १ मे १९५१ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. झोपडी आजही जपून ठेवलेली आहे. चर्च १९५९ साली पुन्हा उभे राहिले. स्फोटात नष्ट झालेल्या दुसऱ्या घंटेच्या जागी अमेरिकेतील कॅथलिक भाविकांनी नवी घंटा दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ११ वाजून २ मिनिटांनी, ८० वर्षांनंतर दोन्ही घंटा एकत्र निनादल्या.

आपण काय शिकावे?

मयताच्या घरी गेल्यावर आपल्याला काही तरी बोलावेसे वाटते. “देवाची मर्जी”, “चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात” अशी वाक्ये आपसूक तोंडी येतात. तरुण मूल गमावलेल्या आईला ती कशी लागत असतील, याचा आपण विचार करावा. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणे सांगू लागले, तेव्हा ते चुकले. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते, हा समज प्रभू येशूने स्पष्ट शब्दांत नाकारला. आणि लाजारसच्या थडग्याजवळ, त्याला उठविण्यापूर्वी, प्रभू रडला.

कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, आपल्यापैकी अनेकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही घेता आले नाही. शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, ही बोच कित्येकांच्या मनात आजही आहे. अशा बंधुभगिनींना आपण मृताविषयी बोलू द्यावे. सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा झाली की आपल्या भेटी थांबतात. एकटेपण मात्र तेव्हाच सुरू होते. म्हणून त्यानंतरही त्यांच्या घरी जावे. झोप, भूक आणि जगण्याची इच्छा हरपलेली दिसली, तर प्रार्थनेबरोबरच समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे त्यांना सोबत करावी. त्यात श्रद्धेची उणीव नाही. डॉ. नागाईंनी जपमाळ आणि वैद्यकशास्त्र ही दोन्ही एकाच हातात धरली होती.

या महिन्यात आपल्या मृतांसाठी प्रार्थना करताना उराकामीच्या मृतांचेही स्मरण करू या. आणि मिस्साहून परतताना, ज्या घरात यंदा एक खुर्ची रिकामी झाली आहे, त्या घराचे दार ठोठावू या. काय बोलावे हे सुचले नाही, तरी आत जाऊन बसावे.