रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

पावसाळा सुरू झाला, की पुण्यात रक्ततपासणीच्या लॅबबाहेर एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘डेंग्यू निगेटिव्ह आलाय, आता काळजी नाही.’ यातला पहिला अर्धा भाग कागदावर छापलेला असतो. दुसरा आपण पदरचा जोडलेला असतो.

‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हे शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आले. एकाच्या मुळाशी ‘मांडणे, ठेवणे’ आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी ‘नाकारणे’. प्रयोगशाळेतला अर्थही तितकाच कोरडा आहे. जे शोधत होतो ते सापडले तर पॉझिटिव्ह, नाही सापडले तर निगेटिव्ह. त्यात शुभ-अशुभ काही नाही. पण ‘पॉझिटिव्ह विचार करा’ या उपदेशातून हाच शब्द दुसऱ्या दारानेही मराठीत शिरला आणि घोळ झाला. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले, त्यानंतर तर ‘पॉझिटिव्ह’ शब्द ऐकला तरी छातीत धस्स होऊ लागले.

डेंग्यूचेच पाहू. ‘एनएस१’ या चाचणीत विषाणूचे एक प्रथिन शोधतात. ते तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात असते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर कमी होत जाते. ‘आयजीएम’ चाचणी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार व्हायलाच चार-पाच दिवस लागतात. (या चाचणीची किट आपल्या पुण्यातलीच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था तयार करते आणि ती देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांना जातात.) म्हणजे दुसऱ्या दिवशी आयजीएम किंवा सातव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आली, तर डेंग्यू नाही असे ठरत नाही. एवढेच ठरते, की त्या दिवशी, त्या नमुन्यात ती गोष्ट सापडली नाही.

हा शब्दांचा कीस नव्हे. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरू लागतो तेव्हा, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान येतो. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, कमालीची सुस्ती यांपैकी काही दिसले, तर खिशातला निगेटिव्ह कागद विसरून रुग्णालय गाठावे. निदान नक्की होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच घ्यावे. आयब्रुफेन, ॲस्पिरिन मनाने घेऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

उलट बाजूही आहे. क्षयरोगासाठी हातावर टोचून करतात ती मॅन्टू चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे क्षयरोग झालाच असे नाही. शरीराची त्या जंतूशी कधीतरी गाठ पडली असावी, इतकेच ती सांगते. बीसीजी लसीमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. स्तनाच्या कर्करोगात ‘ईआर पॉझिटिव्ह’ वाचून नातेवाईक खचतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ, गाठीतल्या पेशींवर इस्ट्रोजेन संप्रेरकाचे ग्राहक आहेत आणि म्हणून टॅमॉक्सिफेनसारखी औषधे उपयोगी पडू शकतात. डॉक्टरांच्या दृष्टीने हा हाताशी आलेला एक जादा उपाय असतो.

आणि रक्तगट? तिथे तर निगेटिव्हकडेच लक्ष द्यावे लागते. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या गरोदरपणातल्या बाळाला धोका होऊ नये म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ‘अँटी-डी’ इंजेक्शन देतात. गरोदरपणातही साधारण २८व्या आठवड्यात ते देतात.

रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख असते, ताप कधी आला हे बहुतेक वेळा नसते. ते पेनाने वर लिहून मगच कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.