पहिल्या अंकाचा मोह

नवे मासिक काढणाऱ्याचा सारा उत्साह बहुधा पहिल्या अंकातच खर्ची पडतो. मुखपृष्ठ देखणे, संकल्प मोठे, लेखकही नामवंत. दुसरा अंक मात्र लांबतो आणि तिसऱ्याच्या वेळी ‘जोडअंक’ म्हणून वेळ मारून नेली जाते. दोष पैशाच्या टंचाईला दिला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु पुढील अंकांच्या मजकुराची तरतूदच नसते, ही खरी उणीव होय.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ते शिक्षकाची नोकरी करीत होते. बहुतेक सारा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला आणि मालेचे ८४ अंक काढले. तेवढी प्रतिभा सर्वांजवळ नसते. हिशेब मात्र सर्वांना करता येतो. झेपतील तितकीच पाने ठरवावीत. निदान सहा अंकांचा मजकूर हाताशी असल्याखेरीज पहिला अंक छापू नये. आगाऊ घेतलेली वर्गणी हे कर्ज समजावे. मासिक बंद पडते तेव्हा संपादकाची हौस फिटलेली असते. पदरमोड करून वर्गणी भरलेला वाचक मात्र पुढे निघणाऱ्या चांगल्या मासिकाकडेही संशयानेच पाहू लागतो.