वेल्ह्याच्या पाण्याचा समुद्र

पानशेत आणि वरसगाव ही दोन्ही धरणं वेल्हे तालुक्यातली, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातली. तिथून सुटलेलं पाणी खडकवासल्यात येतं आणि पुण्याच्या नळांतून घराघरांत पोचतं. पलीकडे भोरमध्ये भाटघर आणि नीरा देवघर आहेत. सगळं पाणी सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून आलेलं, चवीला गोड. हौशी माणूस काचेच्या टाकीत प्रवाळ ठेवायला निघतो, तेव्हा याच पाण्यातून त्याला समुद्र उभा करायचा असतो.

टाकी मांडून दोन-तीन आठवडे झाले की वाळूवर आणि काचेवर तपकिरी लेप धरतो. पुसला तरी दोन दिवसांत परत येतो. हे डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. त्याचं कवच सिलिकाचं असतं आणि बेसॉल्ट झिजताना सिलिका पाण्यात उतरतेच. पिणाऱ्याला तिचा काही त्रास नाही, डायटमला मात्र ती मेजवानी. काच घासत बसण्यापेक्षा पाणी आधी शुद्ध करावं: आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं. टीडीएस मीटरवर आकडा शून्य दिसायला हवा.

स्वयंपाकघरातला आरओ इथे बहुधा पुरत नाही. पाण्याला चव राहावी म्हणून त्यातल्या अनेक यंत्रांत थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. तांब्याचं कार्ट्रिज असलेलं यंत्र तर टाळावंच. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपल्याकडे आरोग्याचं मानतात, पण टाकीतल्या गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळांना विरघळलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी घातक ठरतं.

मग मीठ. वरंध घाट उतरला की कोकण, तिथली मिठागरं, तिथलं खडेमीठ. तेच विरघळवलं तर समुद्र होणार नाही का? नाही होणार. मिठागरात पाणी आटताना चुना आणि जिप्सम आधी तळाशी बसतात, मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात राहून जातं आणि हाती येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. प्रवाळाला सांगाडा बांधायला लागणारं सामानच त्यातून गेलेलं असतं. म्हणून टाकीसाठी तयार केलेलं सागरी मीठच घ्यावं लागतं.

प्रवाळ मिटून बसलं की घाबरून औषधांच्या बाटल्या ओतू नयेत. आधी खारटपणा मोजावा: दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम. एप्रिलच्या उकाड्यात पंखा लावलेल्या टाकीतलं पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. घटलेली पातळी खाऱ्या पाण्याने भरून काढणारा नवशिका रोज समुद्र अधिक खारट करत असतो. तिथे शुद्ध गोडं पाणीच घालायचं.

खरी गोम अल्कलिनिटीत असते. पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा हा साठा डीकेएच या एककात मोजतात आणि तो 8 ते 9 असावा. सांगाडा बांधताना प्रवाळ लिटरमागे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम वापरतं, तेव्हा अल्कलिनिटी 2.8 ने उतरते. आता हिशेब पाहा. लिटरमागे 420 मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर त्यातून 20 गेले तरी कळतही नाही, पण 8 मधून 2.8 म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त! कॅल्शियमची चाचणी बरी दिसते आणि प्रवाळ कडेने पांढरं पडत जातं. अशा वेळी कॅल्शियम वाढवण्यात अर्थ नसतो. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी वाढवणारी दोन्ही द्रावणं घाईने एकापाठोपाठ ओतली तर पाणी दुधाळ होतं. चुना तळाशी बसतो आणि दोन्ही आकडे खाली येतात. मॅग्नेशियम लिटरमागे 1300 मिलिग्रॅमच्या आसपास नसेल तर हे आणखी लवकर घडतं.

उतरलेल्या अल्कलिनिटीवरचा उपाय स्वयंपाकघरात सापडतो. खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे. 100 लिटर पाण्यात 3 ग्रॅम सोडा अल्कलिनिटी साधारण 1 ने वाढवतो. तो शुद्ध पाण्यात विरघळवून सावकाश सोडावा आणि दिवसाला 1 हून अधिक वाढ करू नये.

पावसाळ्यात वेल्ह्याकडे दिवसचे दिवस दारंखिडक्या बंद असतात. घरात माणसं, गॅसची शेगडी. कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्यात मुरतो आणि पीएच 8 च्या खाली येतो. अल्कलिनिटी ठीक असेल तर औषध टाकू नये, खिडकी उघडावी.

प्रवाळ आणायचं कुठून, हेही आधीच ठरवावं. मालवणच्या समुद्रात दगडी प्रवाळ आहे, पण 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते तोडणं किंवा उचलून आणणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा.

शेवटी वीज. वादळी पावसात ती तासन्‌तास जाते आणि मोटर थांबली की टाकीतला ऑक्सिजन उतरू लागतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप जून लागण्याआधी घरात आणून, चालवून पाहिलेला असावा.