शेतीचा फीडर सौर होतो, तेव्हा नेमकं काय होतं?

महाराष्ट्रात शेतीपंपाला थ्री फेज वीज चोवीस तास मिळत नाही. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा येते, उरलेले दिवस रात्री. रात्रपाळी आली की हरभऱ्याला, गव्हाला, उसाला पाणी द्यायचं तर काळोखात बांधावर जावं लागतं. दारं धरताना साप-विंचवाची भीती असते, जुन्नरसारख्या भागात बिबट्याची. थंडी वेगळीच. ऑटो स्विच लावून घरी झोपावं म्हटलं, तर पाणी एकाच सरीत भरून वाहतं आणि पंप जळण्याचाही धोका असतो. दिवसा वीज ही शेतकऱ्याची मागणी अनेक दशकांची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या मागणीवरचं उत्तर म्हणून पुढे आली. तिचं पहिलं रूप २०१७चं, आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही तिची सुरुवातीची गावं. २०२३ साली ‘२.०’ या नावाने ती मोठ्या प्रमाणावर मांडली गेली. आज जिचा गाजावाजा आहे, ती हीच.

ती चालते कशी हे समजायला आधी सबस्टेशन पाहू. दूरच्या वीज केंद्रातून उच्च दाबाने आलेली वीज टप्प्याटप्प्याने उतरत गावाजवळच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनला पोचते. तिथून ११ केव्हीच्या वेगवेगळ्या लाइन निघतात, त्यांना फीडर म्हणतात. मराठी सरकारी शब्द ‘वाहिनी’, योजनेच्या नावातली वाहिनी तीच. एक फीडर गावठाणाला जातो, दुसरा शेतीला. एकेकाळी दोन्हींचा मिळून एकच फीडर असे. शेतीची वीज बंद केली की गावही अंधारात जाई. म्हणून गेल्या दोन दशकांत हे फीडर वेगळे करण्यात आले. हे विलगीकरण झालं नसतं तर सौर फीडरची कल्पना कागदावरच राहिली असती. फक्त शेतीची म्हणून वेगळी मोजता येईल, वेळापत्रक लावता येईल अशी लाइन त्यामुळेच हाती आली.

आता या सबस्टेशनच्या आसपास, ११ केव्हीला जोडायचा असेल तर ५ किलोमीटरच्या आत आणि ३३ केव्हीला जोडायचा असेल तर १० किलोमीटरच्या आत, सौर प्रकल्प उभा राहतो. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. ५ एचपीचा पंप सुमारे ३.७ किलोवॉट वीज घेतो; म्हणजे भर उन्हात एका मेगावॉटवर असे अडीचशेच्या आसपास पंप एकाच वेळी चालू शकतात. प्रकल्पाची वीज थेट कुणाच्या विहिरीवर जात नाही, आधी सबस्टेशनला जाते. तिथून जुन्याच तारांनी, जुन्याच डीपीवरून पंपापर्यंत पोचते. शेतकऱ्याला पॅनेल घ्यायचं नाही, पंप बदलायचा नाही, अर्जही करायचा नाही. फीडर सौर झाला की त्यावरच्या सगळ्यांना दिवसा वीज मिळते.

इथे कुठेही बॅटरी नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. ढग आले, पॅनेलची वीज कमी पडली, तर तूट ग्रिडमधून भरून निघते. पावसाळ्यात पंप बंद असतात, पण मधूनच ऊन पडतं. तेव्हा तयार झालेली वीज सबस्टेशनमधून उलट वर चढते आणि गावठाणाला, पुढच्या गावाला, तालुक्याला वापरली जाते. वाया जात नाही. मात्र याच रचनेतून एक कच्चा दुवा येतो, आणि माझ्या मते योजनेबद्दलच्या भाषणांत त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. ग्रिड बंद पडलं की सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी हे आवश्यकच आहे. म्हणजे डोक्यावर कडक ऊन, शेजारी पॅनेलचं रान, आणि सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर उडालेला असेल तर पंपाला एक युनिटही नाही. म्हणूनच योजनेत प्रत्येक सबस्टेशनच्या देखभाल-दुरुस्तीसाठी २५ लाखांपर्यंतची तरतूद ठेवली आहे. प्रकल्पाच्या उद्घाटनाचे फोटो छापून येतात. सबस्टेशनचा ब्रेकर, तेल, इन्सुलेटर बदलल्याची बातमी होत नाही. योजनेचं यश मात्र तिथेच ठरतं.

पैशाचं गणित आता नीट पाहू. प्रकल्प खासगी विकासक बांधतो. महावितरण त्याच्याशी २५ वर्षांचा वीजखरेदी करार करते, आणि निविदांमधून ठरलेला दर युनिटला ३ रुपयांच्या आसपास आहे. औष्णिक केंद्रातली महाग वीज, तिच्या वहनाचा खर्च आणि वाटेतली गळती धरली तर शेतापर्यंत एक युनिट पोचवायला याच्या दुपटीहून जास्त पैसे पडतात. सौर वीज सबस्टेशनच्या दारातच तयार होत असल्याने वहनाचा खर्च आणि गळतीही कमी. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतून (तिची सुरुवात २०१९ची) भांडवली खर्चाच्या ३० टक्के, प्रति मेगावॉट जास्तीत जास्त १ कोटी ५ लाख रुपये, अशी मदत मिळते. त्यावर राज्य सरकार विकासकाला पहिली तीन वर्षं प्रोत्साहन देतं : ११ किंवा २२ केव्हीला जोडलेल्या प्रकल्पाला युनिटमागे २५ पैसे, ३३ केव्हीला जोडलेल्याला १५ पैसे. छोटा, गावाच्या जवळचा प्रकल्प व्हावा अशी या फरकामागची इच्छा दिसते, आणि ती योग्य आहे. कामाचं नियंत्रण एमएसईबी सोलर अ‍ॅग्रो पॉवर लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. मार्च २०२४मध्ये सुमारे ९ हजार मेगावॉटच्या कामांची देकारपत्रं दिली गेली, आणि त्यातला पहिला प्रकल्प, ३ मेगावॉटचा, सप्टेंबर २०२४मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. सहा-सात महिन्यांत प्रकल्प उभा राहिला, हे या आकाराच्या प्रकल्पांचं मोठं बलस्थान.

पण बचत कुणाची होते? जुलै २०२४च्या बळीराजा मोफत वीज योजनेपासून ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना बिलच नाही. ते सरकार भरतं, आणि ही सवलत मार्च २०२९पर्यंतची आहे. त्याआधीही शेतीची वीज सवलतीत देण्यासाठी कारखाने आणि दुकानं यांच्या बिलात जास्त दर लावला जात होता, आजही लावला जातो. म्हणून वीज स्वस्त झाल्याचा रोख फायदा पहिल्यांदा सरकारी तिजोरीला, महावितरणला आणि पुढे उद्योगांना होतो. शेतकऱ्याच्या हाती येते ती दिवसाची वेळ, रात्रीची झोप. ही गोष्ट लहान नाही, अजिबात नाही. तरीही हिशेब उघडपणे मांडला गेला पाहिजे, कारण त्यावरूनच गावाला आपला वाटा मागता येतो.

हा वाटा दोन ठिकाणी आहे. पहिला जमिनीत. खासगी जमीन भाडेपट्ट्याने दिली तर वर्षाला हेक्टरी किमान १ लाख २५ हजार रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार, आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याचीच राहते. मुरमाड, कोरडवाहू, पिकायला नाखूश अशा जमिनीसाठी हा दर चांगला आहे. बागायती काळ्या जमिनीसाठी मी तो कुणाला सुचवणार नाही. दुसरा वाटा ग्रामपंचायतीचा : प्रकल्प झालेल्या गावाला लोकोपयोगी कामांसाठी वर्षाला ५ लाख, तीन वर्षं, एकूण १५ लाख.

वाद होतो तो गायरानावर. सरकारी जमीन लवकर मिळते म्हणून अनेक प्रकल्प गायरानावर आखले गेले, आणि काही गावांनी विरोध केला. मला तो विरोध समजतो. सात-बाऱ्यावर ‘सरकारी पडीक’ लिहिलेली जागा गावातल्या भूमिहीन कुटुंबाच्या शेळ्यांचं चराऊ रान असते. त्यांच्याकडे विहीर नाही, पंप नाही, म्हणून दिवसा विजेचा त्यांना उपयोगही नाही. ज्याचं जातं आणि ज्याला मिळतं ते दोघे वेगळे असतील, तर १५ लाखांतला मोठा भाग चारा आणि पाणवठ्यावर खर्च व्हावा, असं ग्रामसभेने ठरवायला हवं.

भूजलाचंही बोललं पाहिजे. मोफत वीज, तीही दिवसा, म्हणजे उपसा वाढण्याचीच शक्यता जास्त. ठिबकची आणि पीकपद्धतीची जोड दिली नाही तर बोअर आणखी खोल जातील. हा दोष सौर विजेचा नसला तरी परिणाम त्याच शेतात दिसणार आहे.

लोकांचा एक गोंधळ वारंवार होतो, तोही इथे सोडवून टाकू. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही वेगळी योजना आहे. ज्याच्याकडे पाण्याचा शाश्वत स्रोत आहे पण वीजजोडणी नाही, त्याच्यासाठी ती. सर्वसाधारण गटाच्या शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे ७.५. तुमच्याकडे आधीच जोडणी असेल तर तुमचा मार्ग फीडरचा. त्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर सरळ नकार द्या, कारण फीडर योजनेत शेतकऱ्याने भरायचं शुल्कच नाही.

तुमच्या गावात प्रकल्पाचा ठराव येणार असेल तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा : आपल्या शेतातला पंप नेमक्या कोणत्या फीडरवर आहे आणि तो या प्रकल्पाला जोडला जाणार आहे का, सबस्टेशनची दुरुस्ती प्रकल्पाआधी होणार की नंतर, आणि गायरान जात असेल तर जनावरांना पर्यायी रान कुठे. उत्तरं तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.