भाजीच्या कढईत रम

रम गोड नसते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आपल्या स्वयंपाकघरात ती शिरली नाताळच्या केकमधून. मनुका, बेदाणे आणि टूटीफ्रूटी रममध्ये मुरवत ठेवलेली बरणी आता बऱ्याच मराठी घरांत दिसते, आणि त्यामुळे रम ही गोडाधोडात पडायची वस्तू अशी समजूत होऊन बसली आहे. उसाचा रस किंवा मळी आंबवून तिचं ऊर्ध्वपातन केलं की साखर भट्टीच्या तळाशीच राहते. वर चढते ती अल्कोहोलची वाफ आणि तिच्यासोबतची सुवासिक द्रव्यं. काही उत्पादक नंतर थोडी साखर मिसळतात, गडद रंगासाठी कॅरॅमल तर सर्रास घालतात. तरी घोट घेतल्यावर जो गोडवा वाटतो, तो बराचसा नाकाला भासलेला असतो.

या भासाची उकल करून पाहिली, तर रमचं खरं नातं मसाल्याच्या डब्याशी निघतं. ओकच्या पिपात रम मुरते तेव्हा लाकडातून तिच्यात व्हॅनिलिन उतरतं. युजेनॉलही उतरतं, आणि लवंगेचा वास म्हणजे मुख्यतः युजेनॉल. जमैकाच्या ऑलस्पाइस या मसाल्याचा प्राणही तेच. ओकमधल्या आणखी एका द्रव्याला चक्क नारळाचा वास असतो. लवंग आणि नारळ दोन्ही ज्या बाटलीत सापडतात, ती तिखटमिठाच्या भाजीत का चालू नये?

पण या जेवणाला परंपरा शोधायला गेलं, तर हाती फारसं लागत नाही. रमसाठी प्रसिद्ध असलेल्या जमैकात शाकाहाराची मोठी परंपरा आहे ती रास्ताफारी पंथाची. भोपळा, कंद, घेवडे नारळाच्या दुधात शिजवलेलं त्यांचं ‘आयटल’ जेवण प्रसिद्ध आहे, पण कट्टर रास्ताफारी दारूला शिवत नाही. मग नजर जाते तिकडे गेलेल्या आपल्या लोकांकडे. ५ मे १८३८ रोजी व्हिटबी आणि हेस्परस ही जहाजं हिंदुस्थानी मजुरांना घेऊन गयानाच्या किनाऱ्याला लागली, ३० मे १८४५ला फातेल रझाक त्रिनिदादला पोचलं. ही माणसं उसाच्या मळ्यांत राबली. त्या उसाच्या मळीची रम झाली, आणि त्यांच्या चुलीवर भोपळा, वांग्याचा चोखा, चणा-आलू, डाळपुरी शिजत राहिली. रम गुत्त्यात प्यायली गेली. घरच्या या साध्या जेवणात तिला जागा मिळालेली दिसत नाही.

म्हणजे कुणाच्या आजीची कृती आयती मिळणार नाही. जवळचं उदाहरण हवंच असेल तर ‘पेने अल्ला व्होडका’ घ्या. टोमॅटो, क्रीम आणि व्होडका घातलेला हा पास्ता जेवणातला मुख्य पदार्थ म्हणून जगभर खाल्ला जातो. युरोप-अमेरिकेत रम वापरून केलेले तिखटमिठाचे बरेच पदार्थ मात्र मांसाचे आहेत, आणि तिथेच शाकाहारी स्वयंपाक्याची गफलत होते. मांसाच्या जागी पनीर टाकायचं आणि बाकी कृती तशीच ठेवायची, हा सोपा मार्ग फसतो. भाजी पाणचट होते, वर दारूचा उग्र दर्प येतो, आणि खाणारा म्हणतो, रम आपली ग्लासातच बरी.

असं का होतं? मांस परतताना कढईच्या बुडाला एक तांबूस, खरपूस थर चिकटतो. प्रथिनं आणि शर्करा तापून होणारी ही क्रिया १९१२ साली तिचं वर्णन करणाऱ्या लुई-कामिय मैलार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते, आणि ती जोर धरते साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे. या थरावर रम ओतली की तो सुटून रश्श्यात उतरतो. फोडणीत तेल जसं हिंग-मोहरीचा वास उचलतं, तसं पाण्यात नीट न विरघळणारी काही सुवासिक द्रव्यं अल्कोहोल उचलतं आणि उडता उडता नाकापर्यंत पोचवतं. भाजीत मात्र पाणीच पाणी. बटण मशरूममध्ये ते नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. पाणी आहे तोवर कढई शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही, थर धरत नाही, आणि रमला उचलायला काही उरतच नाही.

म्हणून माझ्या मते शाकाहारी स्वयंपाकात रमपेक्षा कढईची निवड महत्त्वाची. नॉनस्टिक बाजूला ठेवा, तिच्या बुडाला काही लागू नये म्हणूनच ती बनवलेली असते. लोखंडी कढई, बिडाचा तवा किंवा जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. मीठ उशिरा घाला, नाहीतर भाजीला आधीच पाणी सुटतं. फोडी एकमेकींवर चढू देऊ नका. आणि सतत ढवळायचा मोह आवरा, जो आपल्याला अजिबात आवरत नाही.

लाल भोपळा या कामाला उत्तम. अर्धा किलो भोपळ्याच्या मोठ्या फोडी खोबरेल तेलात एका बाजूने चांगल्या तांबूस होईपर्यंत न हलवता ठेवा आणि काढून घ्या. त्याच तेलात उभा चिरलेला कांदा कडा काळपट होईपर्यंत परता. मग आलं, लसूण, चिरलेली हिरवी मिरची, ठेचलेल्या दोन लवंगा, किंचित जायफळ. आता गॅस बंद करा. वाटीत मोजून घेतलेली ३० मिली रम ओता आणि उलथन्याने बूड खरवडून घ्या. पुन्हा मंद आचेवर ठेवून नाकाला झोंबणारा वास जाईपर्यंत थांबा, दोन-तीन मिनिटं पुरतात. मग मीठ, नारळाचं पातळ दूध आणि भोपळा घालून झाकण न ठेवता पंधरा मिनिटं शिजवा. शेवटी घट्ट दूध आणि लिंबू. हे आंबट विसरू नका, त्यावाचून भोपळा, नारळ आणि रम मिळून खीर झाल्यासारखं वाटतं. रताळं आणि सुरण याच वाटेने जातात. कोवळा फणस आधी वाफवून, पिळून, कोरडा करून परतावा लागतो.

मशरूमचं तंत्र आणखी सोपं. कोरड्या तव्यावर टाका, पाणी सुटून आटू द्या, मग लोणी, काळी मिरी आणि गॅस बंद करून रम. क्रीम घालायचं तर रमचा उग्रपणा गेल्यावरच, नाहीतर ते फाटायची भीती. राजम्यासाठी रमच्या जोडीला काकवी घ्या, मात्र दाणे पूर्ण शिजल्यावर. काकवीतलं कॅल्शियम आणि आंबटपणा त्या दाण्यांना मऊ होऊ देत नाही. पालेभाज्यांच्या आणि हिंगाच्या आमटीच्या वाटेला जाऊ नका, तिथे रम उपरीच वाटते.

रम गडदच हवी. १९५४ पासून बाजारात असलेल्या ओल्ड मंकसारखी साधी देशी रम पुरते. पांढऱ्या रममध्ये पिपाचा वास बेताचा, आणि महागडी रम कढईत ओतणं म्हणजे उधळपट्टी. महाराष्ट्रात मद्य बाळगायला परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वय २५ पूर्ण असावं लागतं; केकवाल्या बरण्यांना हा नियम कोणी लावतं का, तो वेगळा विषय.

आता नेहमीचा प्रश्न. शिजल्यावर अल्कोहोल उडून जातं ना? सगळं नाही. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल पाण्याला धरूनच हळूहळू निघतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून पंधरा मिनिटं शिजवलं तर ४० टक्के अल्कोहोल उरतं, अर्ध्या तासाने ३५, तासाने २५, अडीच तासांनंतरही ५ टक्के. हॉटेलात टाळ्या घेणारा तो ज्वाळांचा खेळ केला तर तब्बल ७५ टक्के. ज्योत वरच्या वाफेची असते, वाफ पातळ झाली की ती विझते. आपल्या ३० मिली रममध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे भोपळ्याच्या भाजीत उरलं अंदाजे चार ग्रॅम. चौघांनी खाल्लं तर प्रत्येकाच्या वाट्याला एक ग्रॅम. नशा येणार नाही, पण शून्यही नव्हे.

घरात ज्वाळा काढायच्या भानगडीत पडूच नका. रम बाटलीतून थेट कढईत कधीही ओतायची नाही, पेटलेल्या गॅसवर तर मुळीच नाही. रम घातलेला पदार्थ कुकरमध्येही लावू नये: अल्कोहोलची वाफ शिट्टीतून बाहेर पडते आणि खाली ज्वाला असते.

उरलेल्या त्या एका ग्रॅमसाठीच पंगतीला आधी सांगायला हवं. आपल्याकडे शाकाहारी म्हटलं की दारू वर्ज्य हे अनेकांनी गृहीत धरलेलं असतं. माळकरी, जैन आणि मुस्लिम पाहुण्यांना न सांगता असली भाजी वाढणं म्हणजे फसवणूक. गरोदर बाई, लहान मुलं आणि दारू सोडलेला माणूस यांच्या पानात ती नकोच. दारू सुटावी म्हणून डायसल्फिरामच्या गोळ्या घेणाऱ्याला तर थोडक्या अल्कोहोलनेही त्रास होऊ शकतो. अशांसाठी रम घालण्याआधीच कांद्याचा मसाला दुसऱ्या कढईत काढून घ्यावा आणि त्यात चमचाभर काकवी, एखादी जास्तीची लवंग आणि दोन कोकमं घालावीत. चव वेगळी होते, पण भाताबरोबर तीही छान लागते.