थोड्या भांडवलाचा धंदा : गिऱ्हाईक आणि माणसे

शिरपुरात नवे दुकान निघाले की आधी पाटी रंगते, मग मंडप पडतो, पेढे वाटले जातात आणि पाहुण्यांच्या हाती श्रीफळ येते. भांडवलाचा चौथा हिस्सा पहिल्याच दिवशी खर्ची पडलेला आम्ही पाहिला आहे. हे भांडवल बहुधा बापाच्या कापसाचे नाहीतर आईच्या पाटल्यांचे असते. म्हणून हा विषय केवळ व्यापाऱ्यांचा नव्हे.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घेऊ. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली सरकारी नोकरीचा मार्ग सोडला आणि घरच्या ७,००० रुपयांच्या पुंजीवर जळगावात हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली. हातगाडीला दुकानाचे भाडे लागत नाही, आणि ती गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाते हा त्याहून मोठा लाभ. उद्या काय खपेल, हे दारात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढचा पेच निराळा होता. त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी शेतकऱ्यांची समजूत! नांगर पडून राहिले. अशा वेळी वर्तमानपत्रातली मोठी जाहिरात काय करणार? भीती जाते ती शेजाऱ्याच्या शेतातले पीक पाहून. नवी वस्तू विकणाऱ्याने म्हणूनच पहिली चार गिऱ्हाइके निवडून घ्यावीत, त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जावे, मोडले ते दुरुस्त करून द्यावे. पुढे १९२० साली त्यांच्या कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. मालाची वार्ता देता देता त्याचे वाचनीय मासिक झाले.

माणसांच्या बाबतीत तर त्यांचे धाडस आजही चकित करते. १९१० साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथे शिकलेले तज्ज्ञ कुठून येणार? शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे यंत्रांत मुरले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळू लागले. रात्रीच्या पहाऱ्यावर तर शिक्षा भोगून सुटलेली माणसे नेमली गेली! पदवी पाहून नव्हे, काम देऊन पाहून ही निवड झाली. मात्र याचा अर्थ स्वस्तातला माणूस असा कोणी घेऊ नये. लक्ष्मणरावांनी त्यांना घर आणि गाव दिले होते.

आता शिरपूरकडे वळू. सातपुड्यातून बाजाराला उतरणाऱ्या पावरा बांधवाशी पावरी बोलणारा, तापीकाठच्या शेतकऱ्याशी अहिराणीत थट्टा करणारा एक चुणचुणीत मुलगा दुकानात असला, तर तो हजार पत्रकांपेक्षा अधिक गिऱ्हाइके आणतो. आम्ही स्वतः एकदा पत्रके वाटली होती. संध्याकाळी ती भज्यांखाली दिसली. मोबाइलवरची जाहिरात फुकट पडते खरी, पण तिच्यावरून विचारणा आली असता त्याच दिवशी उत्तर गेले नाही तर तीही फुकटच.

अभियांत्रिकी शिकलेली आपली मुले पुण्या-मुंबईकडे जातात. त्यांतल्या एखाद्याला थांबवायचे तर पुण्याएवढा पगार देणे नव्या धंद्याला परवडणार नाही. नफ्यात वाटा देता येईल. पण तो किती, कधीपासून आणि तोटा झाला तर काय, हे पहिल्या दिवशीच कागदावर लिहून दोघांनी सही करावी. नात्यातला मुलगा असेल तर अगोदर त्याच्याशी.