‘गोड खाऊ नकोस’ एवढ्यावर का भागत नाही?

मी कोडिंग करणारा माणूस, डॉक्टर नाही. त्यामुळे आज औषधांचा सल्ला नाही. आज बोलायचंय ते किशोरवयीन मुलांचा डायबेटिस आणि त्यांचं मन यांबद्दल.

त्यासाठी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात जाऊ. टाइप २ डायबेटिस हा मोठ्यांचा आजार, असं आपण धरून चालतो. पण तिथल्या फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूळ रहिवाशांच्या मुलांमध्ये तो १९८०च्या दशकातच दिसू लागला. तिथल्या ओजी-क्री लोकांत एक जनुकीय बदल सापडतो, ज्यामुळे शरीरात इन्सुलिन कमी बनतं. पण जनुकं काही एका पिढीत बदलत नाहीत. बदललं ते जगणं. शिकारीच्या जमिनी गेल्या. आजी-आजोबांना लहानपणी घरातून उचलून निवासी शाळांत टाकलं गेलं. कॅनडाभरात अशी मुलं सुमारे दीड लाख. गार्डन हिलसारख्या वस्तीला तर बारमाही रस्ताच नाही. ताजी भाजी विमानाने येते, ती महागच पडणार ना?

आता अशा ठिकाणच्या १५ वर्षांच्या मुलीला सांगा, ‘डाएट कर, पळायला जा.’ तिला ते माहीत नसतं का? असतं. पण मनावर सतत ताण असला की कॉर्टिसॉल वाढतं, यकृत रक्तात जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा असरही कमी होतो. वर ‘तुझ्याच चुकीमुळे झालं’ हे ऐकून मूल आजार लपवतं, गोळ्या टाळतं. साखर आणखी वाढते, मन आणखी खचतं. हा लूप आहे बघा, आणि बाहेर पडायची कंडिशन कोणी लिहिलेलीच नाही!

अमेरिकेत ‘टुडे’ नावाचा मोठा अभ्यास झाला. टाइप २ असलेली १० ते १७ वयाची ६९९ मुलं. २०१२ साली निकाल आला: नुसत्या मेटफॉर्मिनवर जवळपास निम्म्यांची साखर आटोक्यात राहिली नाही. सोबत आहार-व्यायामाचं कसून मार्गदर्शन दिलं, तरी लक्षणीय फरक पडला नाही.

मग काय करायचं? गार्डन हिलमध्ये, आजार होण्याआधीच, एक साधा प्रयोग झाला. हायस्कूलची मुलं शाळा सुटल्यावर चौथीच्या मुलांना खेळवायची, सोबत पौष्टिक खाऊ. आपलेपणा, कौशल्य, स्वतः ठरवणं आणि दुसऱ्याला देणं, या मूळ रहिवाशांच्याच विचारातल्या चार गोष्टींवर तो उभा होता. पाच महिन्यांनी लहानग्यांच्या कमरेचा घेर इतर मुलांच्या मानाने कमी वाढला होता आणि ‘मला जमेल’ हा विश्वास वाढला होता.

मला यातून एवढंच कळतं: आधी ‘मला जमेल’, मग डाएट. तुमच्या घरात, मित्रांत कोणा लहानग्याला शुगर निघाली, तर ‘काय खाल्लंस?’च्या आधी ‘कसा आहेस रे?’ विचारा. आणि मग म्हणा, ‘चल, मीपण येतो चालायला.’

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!